मोर्णेतली गाडवाट

मनकर्णाबाईचा आवाज मोर्णेच्या दोन्ही काठांवर ऐकू जाई. या काठाला जुनं अकोला, किल्ला आणि आम्हा माळ्यांची घरं. त्या काठाला स्टेशन, कचेरी आणि कापसाची जिनं. पूल होता, पण हंगामात त्यावर कपाशीच्या गाड्यांची अशी दाटी व्हायची, की जुन्या शहराकडे येणारे सरळ कोरड्या पात्रातून गाडी घालत. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. पात्रातली ही वाट मात्र लोकांच्या समजुतीवर चाले. आणि समजूतच मनकर्णाबाईकडे कमी होती.

वाटेला लागूनच तिची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी. पाणी ओसरलं, की ती आणि तिचा नवरा नत्थुजी ओल लागेपर्यंत वाळू खणत, खड्ड्यांत शेणखत भरून डांगराचं बी लावत. डांगरं गोड निघत, त्याबद्दल वादच नाही. वाद कुंपणाचा. काट्यांच्या फांद्या दरसाल वाटेत हातभर सरकायच्या. "वाळूवर कोनाच्या बापाचं नाव लिवलं हाय काय?" असं वर तीच विचारायची. गाडीवान बिचारे बैल वळवून घेत. बाईच्या तोंडी लागण्यापेक्षा वळसा बरा!

त्या फाल्गुनात तर तिनं कमाल केली. उशिराच्या डांगरांसाठी थेट चाकोरीतच खड्डे खणले, पातळ शेणखत ओतलं आणि वर वाळू पसरून दिली.

तिच्या शकुनला तेव्हा धामणगावचं स्थळ आलं होतं. आधीची दोन स्थळं आईच्या तोंडाची कीर्ती ऐकूनच परतलेली. हेही गेलं तर पोर घरातच राहील, या धास्तीनं मनकर्णाबाईला झोप नव्हती. पाहुणे दुपारच्या रेल्वेनं यायचे होते. आले सकाळच्या, आणि भाड्याची बैलगाडी करून नदीत उतरले.

चाक खड्ड्यात गेलं. गाडी कलली आणि आतली म्हातारी घसरून कमरेपर्यंत शेणात बसली. वाडीच्या दुसऱ्या टोकाला मनकर्णाबाई डांगरं तोडत होती. तिनं तिथूनच तोंड सोडलं, "डोये फुटले काय रे? म्हातारीले घरी ठेवता येत नाई, तं लोकाच्या वाडीत काहून आनून टाकता?"

नत्थुजीनं पाहिलं आणि त्याच्या हातातली टोपली पडली. धामणगावला जाऊन आलेला तोच. "अवं, चूप राय! पोराचा बाप, खुशालराव होय थो. अन् थे त्याची माय, जमुनाबाई!"

मनकर्णाबाई मटकन वाळूत बसली.

घरी म्हातारीला आंघोळ घालून मनकर्णाबाईचंच लुगडं दिलं. बैठक भरली, पण बाई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. लाजेनं तिचा जीव अर्धा झाला होता. शकुननं डांगराच्या फोडी पुढे ठेवल्या. जमुनाबाईनं एक खाल्ली. "गोड हाय व माय. कोनाच्या वाडीतलं?"

शकुननं मान खाली घातली. तेव्हा मनकर्णाबाई पदर तोंडापर्यंत ओढून दारात आली. "मायाच वाडीतलं. खड्डाबी मायाच. शिव्याबी म्याच देल्ल्या. माया पायी पोरीले नाई म्हनू नका."

खुशालरावानं आईकडे पाहिलं. म्हातारीनं दुसरी फोड उचलली.

"पोरगी आमाले पसंत हाय. पन एक सांग बाई, उद्या थे माहेरी येईन, तं कोन्या वाटेनं येईन?"

एवढंच. शिवी दिली असती तर मनकर्णाबाईनं सोसली असती.

पाहुणे पुलावरून परत गेले. तिनं त्याच संध्याकाळी खड्डे बुजवले, कुंपण मागे घेतलं, वाटेत आलेले वेल कोवळ्या डांगरांसकट उपटले. नत्थुजी मदतीला गेला, तर त्याला तिनं हात लावू दिला नाही. उपटत होती आणि रडत होती.

पुढे शकुन माहेरी यायची, तेव्हा मनकर्णाबाई नदीत आधीच उभी असायची. गाडी आली, की बैलांच्या पुढे अनवाणी चालायची, पायानं वाळू दाबून बघत. वाट चांगली पक्की असायची. शकुन म्हणायची, "माय, बस न गाडीत."

ती कधी बसली नाही.