बाबा कॉलेजचं घर पाहायला गेले

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांपुढे दोन घरं होती. एक साकोलीकडचं स्थळ आणि दुसरं तुमसरच्या पुढचं कॉलेज. स्थळाचं घर पाहून झालं होतं आणि ते त्यांना बऱ्यापैकी आवडलंही होतं. कॉलेजचं राहिलं होतं. "एकडाव पाहून येऊ, मंग बोलू," असं बाबा म्हणाले, आणि मी त्याच संध्याकाळी पितळी तांब्यात निखारे घालून माझ्या एकुलत्या एक चांगल्या साडीला इस्त्री केली. कॉलेज बाबांच्या मनात भरलं तर मी बी.ए. करणार होते. नाही भरलं तर तुळशीच्या लग्नानंतर माझा बार उडणार होता. इतका साधा हिशोब होता.

ही ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी तुमसरहून बपेऱ्याच्या रस्त्याला लागावं आणि 'मालगुजाराचं कॉलेज' विचारावं, कुणीही बोट दाखवेल. जुन्या इमारतींमध्ये आजही वर्ग भरतात. आधी ऑफिसात सांगितलं तर कुणीतरी सोबत येऊन सगळा परिसर फिरवून दाखवतं. ही पद्धत आमच्या वेळची आहे, आणि तिच्या पायी आमच्यावर काय प्रसंग ओढवला तेच आज लिहिते आहे.

आमच्या दिघोरीहून पहाटेच्या एसटीने निघालो. साकोलीला गाडी बदलली. लाखनीला ट्रकांच्या रांगेत आमची बस अशी काही अडकली की ड्रायव्हर खाली उतरून पान लावून आला तरी आम्ही तिथेच. भंडाऱ्याच्या अलीकडे कारध्याच्या पुलावर बाबांनी खिडकीतून वैनगंगेला हात जोडले. पुढे स्टँडवर आलुबोंडा आणि तिखट चटणी खाल्ली. आजही त्या बाजूला गेलात तर पोटभर खाऊनच पुढे निघा, कारण तुमसरनंतर रस्त्यावर धानाची शेतं सोडून फारसं काही भेटत नाही. बपेऱ्याला माझा नत्थूमामा राहायचा. कॉलेजची कल्पना त्याचीच, म्हणून मुक्कामही त्याच्याकडे.

सकाळी निघताना बाबांनी मामाला आणि मला नियम सांगितला. "ध्यानात ठेवजा. पसंत होईवरी त्यायच्या घरचं पाणी प्याचं नाही."

आमच्या घराण्यात ही रीत पक्की होती. मुलीसाठी घर पाहायला गेलं की गोठा पाहायचा, धानाची कोठी पाहायची, विहीर पाहायची, माणसं किती ते विचारायचं. मन भरलं तर पाणी मागायचं. पाणी प्यायलं म्हणजे होकार. न पिता उठलं म्हणजे कुणी कुणाला वाईट बोलायचं नाही, रामराम करायचा आणि निघायचं. साकोलीला मात्र बाबांनी 'पुन्हा येतो' सांगून पाणी मागायचं राखून ठेवलं होतं. मला ही रीत तेव्हाही आवडायची, कारण तिच्यात नकार द्यायला शब्द लागत नाहीत. खरं तर घर पाहायला मुलीला नेतच नाहीत. पण प्रवेशाच्या फॉर्मवर सही माझी लागणार होती, त्यामुळे माझंच घर पाहायला मी स्वतः निघाले होते.

"भाऊजी, ते कॉलेज हाय, सोयरीक नाही," मामा म्हणाला.

"पोरगी तं माहीच हाय न?" बाबा म्हणाले. विषय तिथेच संपला.

मिरग लागून गेला होता, पण आभाळ कोरडं होतं. ऊन असं की मामाच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालतानाच घसा सुकला. कॉलेजच्या फाटकाशी आम्हाला घ्यायला रामटेके बाई आल्या. त्या मराठी शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. पस्तिशीच्या असतील, उंच, पांढरी सुती साडी, हातात छत्री. आडनाव ऐकल्यावर मामाने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी समोर पाहिलं. आमच्या भागात आडनावावरून माणसाचं घर कुठल्या टोलीत, म्हणजे वस्तीत, असेल हे कळतं. बाईंच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारला होता. हे त्यांनीच पुढे बोलता बोलता सांगितलं, अगदी सहज, आपण गावाचं नाव सांगतो तसं.

"आधी पाणी घ्या," त्या म्हणाल्या. ऑफिसच्या दारात माठ होता, ओल्या फडक्याने गुंडाळलेला.

"राहू द्या जी," बाबा म्हणाले.

पहिली इमारत कचेरीची. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, काळात इथे शेतसारा जमा व्हायचा. सागवानी खांब दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे. दारावर रंगीत काचा, त्यातून जमिनीवर हिरवे-तांबडे तुकडे पडलेले. तेव्हा 'हेरिटेज' हा शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. जुनं ते जुनं, इतकंच. आत आता ग्रंथालय होतं. बाई दगडी पायऱ्यांवर थांबल्या.

"माझे आजोबा धानाचं पोतं घेऊन यायचे, ते इथे खाली उभे राहायचे," त्या म्हणाल्या. "पायरीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती. पोतं ठेवायचं आणि मागे सरायचं. आता वर माझं टेबल आहे. रोज चढताना मला बरं वाटतं."

बाबा मात्र खांबाला हात लावून म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. वाळवी नाही लागली." घर पाहणारा माणूस लाकूड पाहणारच.

मग घोड्यांची पागा. तिचे आता चार वर्ग झाले होते. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या आणि पोरं त्यांना दप्तरं अडकवायची. बाईंनी एक कडी वाजवून दाखवली. मला हसू आलं, मामाला नाही आलं. तो सारखा ओठांवरून जीभ फिरवत होता.

बाबांचे प्रश्न सुरूच होते. "जेवणात भात कोणत्या धानाचा?" "रात्रीचं कुलूप कोन लावते?" "विहिरीले उन्हाळ्यात पाणी राहते का?" आणि मग एकदम, "बाई, तुमच्या घरी मानसं किती?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मी आणि माझी आई. काहून?"

"असंच. माहीत पायजे."

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. बाबांनी हात जोडले. मामाने कपाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि त्यानेही हात जोडले. मीही मान हलवली. पुढे चालताना बाईंनी पागेबद्दल सांगायचं जे राहिलं होतं ते सांगितलंच नाही.

तिसरी जागा धानाचं कोठार. तेच मुलींचं वसतिगृह. जोतं छातीएवढं उंच, भिंती हातभर जाड, खिडक्या छताजवळ. तुम्ही गेलात तर दुपारीच जा, म्हणजे आतला गारवा कळेल. कोठाराच्या मागे मालगुजारी तलाव आहे. आमच्याकडे गावोगावी असतात तसाच, पण याला दगडी घाट आहे आणि बांधाच्या पाळीवर मोहाची झाडं आहेत. मी तो तलाव पाहिला आणि मनात म्हणाले, देवा, इथे मला राहू दे. इतकं काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

वसतिगृहाच्या ओसरीवर बाईंनी स्वतः माठातून पाणी काढलं आणि पेला बाबांपुढे धरला.

"राहू द्या जी," बाबा पुन्हा म्हणाले.

बाईंनी पेला ओसरीच्या कठड्यावर ठेवला. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"भाऊ, एक आधीच सांगून टाकते. इथे सगळ्या मुली या एकाच माठातलं पितात, आणि तो माठ रोज सकाळी मी भरते. तुम्हाला चालत नसेल तर मुलीला इथे ठेवू नका. मला राग नाही. पण मग पुढच्या खोल्या दाखवण्यात अर्थ नाही."

बाबांना कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं, मामालाही कळलं होतं, आणि मामा मोहाच्या झाडाकडे पाहत उभा होता.

"बाबा," मी म्हणाले, "त्यायले वाटून राह्यलं का आपण त्यायच्या हातचं पेत नाही."

बाबांचा चेहरा उतरला. मी त्यांना भर बाजारात बैल उधळल्यावर पाहिलं होतं, पण असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"नाही जी बाई, तसं नाही. आमच्यात पोरीसाठी घर पाह्यले गेलं, तं पसंत होईवरी त्या घरचं पाणी पेत नाही. रीत हाय. साकोलीलेबी असंच केलं होतं. इचारा नत्थूले."

मामाने जोरजोरात मान हलवली.

मग बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "म्हणजे तुम्ही सकाळपासून कॉलेजचं घर पाहून राह्यले? आणि माझ्या घरी माणसं किती, ते त्याच्यासाठी?"

"हव."

"बरं." हसू आलं तसं गेलंही. "पण भाऊ, रीत मला आता कळली. मी लहान होते तेव्हा लोकांनी मला दुसऱ्याच रीती सांगितल्या होत्या. तुमचं खरं असेल. मी ओळखणार कशी?"

आमच्याही गावात दोन विहिरी होत्या आणि कोण कुठून भरतं हे तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. बाई चुकल्या होत्या, पण उगाच चुकल्या नव्हत्या. बाबांना ते उमगलं असावं, कारण ते त्या पेल्याकडे वळले.

त्यांनी अजून खोल्या पाहिल्या नव्हत्या. स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, मागच्या दाराची कडी पाहिली नव्हती. साकोलीच्या घरी त्यांनी गोठ्यातल्या वासराचे दातसुद्धा पाहिले होते. आता पाणी प्यायले तर होकार होणार होता आणि तो त्यांना परत घेता येणार नव्हता. न प्यायले तर रीतीचं बोलणं नुसती सबब ठरणार होती.

"भाऊजी, अजून खोल्या पाह्यच्या हायेत," मामा हळूच म्हणाला.

"राह्यल्या तं राह्यल्या," बाबा म्हणाले. त्यांनी कठड्यावरचा पेला उचलला नाही. बाईंपुढे हात केला. "तुमच्या हातानं द्या."

बाईंनी पेला उचलून दिला. बाबांनी वरून ओतलं नाही, ओठाला लावून प्यायलं, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. "अजून द्या जी. लय तहान लागली व्हती." त्यानंतर मामा त्या माठावर असा तुटून पडला की बाईंना दुसरा भरून आणायला सांगावं लागलं. मी प्यायले तेव्हा पाण्याला वाळ्याचा वास येत होता आणि माझे डोळे भरून आले होते. आनंदानेच.

खोल्या मग पाहिल्याच. स्वयंपाकघरात आम्हाला जेवायला बसवलं: भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, आंब्याचं रायतं. मागच्या दाराची कडी खरंच ढिली निघाली. बाबांनी शिपायाकडून हातोडी मागून ती ठोकून दिली, आता घर आपलंच म्हणून.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, पस्तावले. लाखनीच्या पुढे एकदम म्हणाले, "त्या बाईनं सरळ तोंडावर सांगतलं. मनात ठेवून गोड बोलली असती तं मी पोरगी ठेवली नसती." मी तीन वर्षं तिथे राहिले. आता या वयात मी पुष्कळ मोठी विद्यापीठं फिरले आहे, तिथल्या घड्याळांचे मनोरे आणि कमानी पाहिल्या आहेत. माणसाने पुढे केलेल्या हाताकडे पाहून घर ठरवायचं, हे मात्र मी त्या कोठाराच्या ओसरीवरच शिकले. मला अजून तेवढं एकच जमतं.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई अंगणात वाट पाहत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, बाबांना विचारलं, "पाणी पेले का?"

"पेलो."

"कोनाच्या हातचं?"

"पोरीच्या बाईच्या. रामटेके बाई हायेत."

ओसरीच्या खांबाला धरून आई बाबांकडे बघत राहिली. बाबांनीही नजर हलवली नाही. मी पायातली चप्पल काढायची विसरून तशीच उभी होते. आई नाही म्हणाली असती तर बाबांनी तिचं ऐकलं असतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"थंड व्हतं का?" आईने विचारलं.

"लय थंड."

"मंग उभे काहून हा?" आई म्हणाली. "माळ्यावरून पोरीची पेटी उतरवा."