सात दहाची हवा

माझ्या गॅरेजच्या वरच्या खोलीत टाइमटेबल राहायचे. हे नाव मीच ठेवलेलं. बस डेपोत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, परत किती वाजता येणार, हे मोठ्या कागदावर आखून द्यायचं. स्वतः मात्र त्यांतल्या एकाही गाडीने दोन थांब्यांपलीकडे गेले नाहीत. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाले आणि आठवड्याभरात माझ्याकडची जुनी मोटरसायकल घेऊन ताईकडे जायचा बेत आखायला बसले. त्या बेतातच चार वर्षं गेली. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे पिंपं रिकामी झाली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. सहाशे चाळीस किलोमीटरवर, खिंडीच्या पलीकडे, ती प्रवाशांसाठी सहा खोल्या चालवायची. थंडीत खिंड बर्फाने बंद, उन्हाळ्यात खोल्या भरलेल्या. हाताशी उरायचे मधले चार आठवडे, आणि त्या दिवसांत हवेचा काही भरवसा नाही. सकाळी स्वेटर, दुपारी घाम, संध्याकाळी गारा. अशा हवेत त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने मोटरसायकलवर निघायचं, म्हणून मग बेत.

तो कागद मी पाहिला आहे. डेपोतल्यासारखाच, पट्टीने आखलेला. थांबा, पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, पेट्रोल. ‘पाऊस आल्यास’ असा वेगळा रकाना, त्यात कुठल्या पुलाखाली उभं राहायचं तेही लिहिलेलं. फक्त शेवटचा रकाना कोरा होता. परतीचा.

“हे भरायचं राहिलं वाटतं?” मी विचारलं.

“राहू दे,” ते म्हणाले.

“एकतीस वर्षांत कधी राहिलं होतं का?”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि वर निघून गेले. मला राग आला. रोज माझ्या पायरीवर बसून माझा चहा पिणारा माणूस, आणि माझ्यापासून लपवतो? तिसऱ्या वर्षी एकदा स्वतःच बोलले. “उस्ताद, जी गाडी तिकडेच राहते तिच्या परतीच्या रकान्यात आम्ही ‘मुक्काम’ लिहायचो. मलाही तसंच लिहायचंय. एकट्याने जेवण जात नाही हो आता. ताईकडे सहा खोल्या आहेत, एक मागायचीय. पण फोनवर माणूस चटकन नाही म्हणतो. म्हणून फोनवर नको. समोर बसून विचारीन. आणि तिथेही ती नाही म्हणाली तर मी कुठे बघू?”

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं खूप पाहिली. हे तर भांडं घेऊन चार वर्षं दारातच उभे होते.

खिंड उघडली की फोन सुरू व्हायचे. वरच्या खोलीत रेंज नाही, म्हणून रोज सकाळी सात दहाला ते माझ्या पायरीवर येत. ताईचा फोन तिच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरचा. मोबाईल तिला जमत नाही.

“ताई, हवा कशी आहे?”

पलीकडून कधी धुकं, कधी गारा, कधी रस्त्यावर दगड आल्याची बातमी. मग हे म्हणायचे, “इथेही भुरभुर आहे. दोन दिवस बघू.” हे वाक्य ते कडक उन्हात, डोळ्यांवर हात धरून बोलायचे! मी समोर पाना घेऊन उभा. पहिल्यांदा वाटलं, डोकं फिरलं. मग लक्षात आलं, ‘ऊन आहे’ म्हटलं की निघावं लागेल, आणि निघालं की विचारावं लागेल.

चौथ्या वर्षी खिंडीतून आलेला एक ट्रकवाला माझ्याकडे पंक्चर काढायला थांबला. तो म्हणाला, पलीकडे पंधरा दिवस लख्ख ऊन आहे. म्हणजे बहीणही थापा मारत होती. मी ही गोष्ट पोटात ठेवली. का ठेवली, तेही सांगून टाकतो. दर वर्षी बेत पक्का व्हायला लागला की मी गाडीच्या चेनवर बोट ठेवून म्हणायचो, “चेन सैल आहे. आठवडा जाईल.” चेनला काही झालेलं नसायचं. मलाही वर कुणाची तरी पावलं वाजायला हवी होती. माझ्या घरात मी आणि टायर, तिसरं कोणी नाही.

त्या वर्षी फोन सुरू झाल्याच्या विसाव्या दिवशी ताईने फोन उचलला नाही. त्यांनी तीनदा लावला. “इतक्या सकाळी जाईल कुठे?” एवढंच म्हणाले आणि वर गेले. खाली आले ते हेल्मेट घालूनच. एका बुटाची नाडी सुटलेली, आणि तो चार वर्षांचा कागद वरच विसरलेला.

मी सवयीने चेनकडे बोट केलं.

“चेन ठीक आहे, उस्ताद,” ते म्हणाले. “चारही वर्षं ठीकच होती.”

मग किक मारली. मला नीट निरोपही देता आला नाही.

दुपारी तीनला एक उंच, पांढऱ्या केसांची बाई मोठी पिशवी सांभाळत गॅरेजसमोर उभी राहिली. आधी तिने आभाळाकडे पाहिलं, मग कोरड्या रस्त्याकडे.

“इथे एकोणीस दिवस भुरभुर चालू आहे म्हणे,” ती म्हणाली.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय! ती ताई होती. भाऊ आजारी आहे आणि हवेचं निमित्त करून लपवतोय, असं वाटून ती आदल्या संध्याकाळच्या बसने निघाली होती. वाटेत कुठेतरी तिची बस आणि यांची मोटरसायकल एकमेकींच्या शेजारून गेली असणार.

“तुमच्याकडचं धुकं उठलं का?” मी जरा खवचटपणेच विचारलं.

ती ओशाळली. “धुकं कसलं! मला भीती वाटायची, या वयात हाडं मोडून घेईल. आणि खरं सांगू? आला असता तर दोन दिवस राहून गेला असता. मग वर्षभर काय? धुकं म्हटलं की दुसऱ्या दिवशी फोन तरी यायचा.”

मी किल्ली दिली. ती वर गेली आणि थोड्या वेळाने तो कागद घेऊन खाली आली. तिचं बोट कोऱ्या रकान्यावर होतं.

“घोडं तिथेच पेंड खातंय, ताई,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. ती टायरांच्या चळतीवर बसून रडली. मी उगाच एक स्वच्छ असलेला प्लग पुन्हा पुसत राहिलो.

सहाच्या सुमारास माझा फोन वाजला. “उस्ताद, खिंड ओलांडलीय. ताई अजून फोन उचलत नाही.”

मी फोन तिच्या हातात दिला.

“हवा कशी आहे तिकडे?” तिने विचारलं.

“ताई? तू?” पलीकडून आलं.

“मी तुझ्या घरी आहे, धडधाकट आहे. हवा विचारतेय.”

“स्वच्छ आहे.”

“इथेही. मग पुढे जा. किल्ली शेजारच्या शिवणवालीकडे आहे. वरची, उन्हाची खोली घे. ती आता पाहुण्यांना देणार नाही.”

पलीकडे ते रडत होते की हसत, मला कळलं नाही. ताईने माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि कोऱ्या रकान्यात ‘मुक्काम’ लिहिलं. दुसऱ्या सकाळी सहा चाळीसच्या गाडीने ती परत गेली. महिन्याभरात त्यांचं थोडंफार सामान त्याच ट्रकवाल्याबरोबर मी पाठवून दिलं.

वरची खोली वर्षभर रिकामी आहे. दोघंजण बघून गेले. एकाला मी म्हणालो छत गळतं, दुसऱ्याला म्हणालो उंदीर आहेत. दोन्ही खोटं.

परवा पुन्हा खिंड उघडली. काल सकाळी फोन वाजला तेव्हा मी घड्याळ बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

“उस्ताद, आम्ही दोघं वाट बघतोय. चार दिवस या. ताईने खोली झाडून ठेवलीय. गाडी काढा आणि निघा. तिकडे हवा कशी आहे?”

मी पायरीवर उभा होतो. पान्यांवर ऊन इतकं पडलं होतं की हात लावला तर चटका बसला असता. गेलो तर चार दिवसांनी परत यायचं, आणि मग सात दहाला कोण विचारणार?

“भुरभुर आहे,” मी म्हणालो. “उद्या फोन करा, सांगतो.”