आधी कोंबड्या, मग सिनेमा

“आधी कोंबड्या, मग सिनेमा,” असं म्हणून चाचा खुर्ची पुढे ओढायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसायचे. कोंबड्या म्हणजे खरोखरच्या कोंबड्या. त्यांच्या घरामागे दाणे टिपणाऱ्या सात कोंबड्या आणि एक तोऱ्यात फिरणारा कोंबडा. चाचांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेली दीड मिनिटाची क्लिप. पनवेलमधल्या आमच्या ऑफिसात, एसीच्या गारव्यात, स्वतःला इंजिनियर म्हणवणारी आम्ही दहा-बारा जणं दिवसातून वीस-वीस वेळा त्या कोंबड्या बघायचो. हसू नका, त्याचाच पगार मिळायचा आम्हाला.

काम काय ते सांगते. विकतच्या सिनेमाच्या डिस्कला आतून कुलूप असतं. सिनेमा बघा हवा तेवढा, पण त्याची कॉपी करायला जाल तर रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा चौकोन आला पाहिजे. कॉम्प्युटरमधलं चित्र पडद्यापर्यंत पोचवणारं जे सॉफ्टवेअर असतं, ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यानं ही राखण करायची. एका परदेशी कंपनीचा ड्रायव्हर आमच्याकडे तपासायला यायचा. आम्ही सिनेमा लावायचो, रेकॉर्डर चालू करायचो, मग वायरी काढ, घाल, टीव्ही बदल, असे नाना खेळ करायचो आणि शेवटी रेकॉर्डिंग उघडून बघायचो. काळं आलं तर पास. चित्र दिसलं तर नापास.

माझ्या आईला हे कधीच पटलं नाही. “दिवसभर पिक्चर बगता आनि कायच दिसला नाय म्हनून खूश होता? मंग आमाला पन घ्या की कामाला,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची. मी चिडायचे. आता वाटतं, एवढ्या थोडक्यात आमचं काम दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

चाचा मूळचे पनवेलचेच, कोकणी मुसलमान. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल केलेली, खिशात टेस्टर. आमच्याकडे यायच्या आधी त्यांचा केबलचा धंदा होता. “वीस वर्षं लोकांना चोरीचे पिक्चर दाखवले, बेटा. आता अल्लानं मलाच चौकीदार करून बसवलंय,” असं म्हणून खोकला लागेपर्यंत हसायचे. ऑफिसात त्यांना घेतलं होतं ते टीव्हीच्या वायरी जोडायला. पण वायरी जोडता जोडता हा माणूस बघत राहिला, विचारत राहिला, आणि मी नोकरीला लागले तोवर नव्या लोकांना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. डिग्री नावाला नाही. इंग्रजी मेल आला की आमच्याकडून वाचून घ्यायचे, आणि त्यात कंपनीवाल्यांची काय गफलत झालीय ते आम्हालाच समजावून सांगायचे.

आमचा सिनेमाही ठरलेला होता. एका इंग्रजी सिनेमातली तीन मिनिटं. एक बाई बॅग घेऊन जिना उतरते, तेवढीच. चाचा म्हणायचे, “ही बाई चार वर्षं झाली जिनाच उतरतेय. खाली पोचली की मला उठवा.” डिस्क ऑफिसातच होती, पण पुढचा सिनेमा त्यांनी कधी लावून बघितला नाही. म्हणायचे, “गेली असेल माहेरी. आपल्याला काय करायचंय?”

पण मग कोंबड्या कशाला? मीही पहिल्याच आठवड्यात तोंड वर करून विचारलं होतं. तपासायचा सिनेमा, मग प्रत्येक वेळी आधी ही कोंबड्यांची क्लिप का रेकॉर्ड करायची?

चाचांनी समोरच्या बंद टीव्हीकडे बोट केलं. “ते बघ, काळं. पास करू? बेटा, काळं तर बंद टीव्हीसुद्धा दाखवतो. कोंबड्यांना कुलूप नाही, त्या दिसल्याच पाहिजेत. दिसल्या, म्हणजे रेकॉर्डर जिवंत आहे. त्याच्यानंतर सिनेमा काळा आला तर समज, ड्रायव्हरनं झाकला. कोंबड्याच गायब असतील तर तुझा पास कसला?”

मला समजलं. पण समजणं वेगळं आणि अंगी बाणणं वेगळं, हे तुम्हीही जाणता.

डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मी नुसत्या मुलाखती देत फिरत होते. शेवटी इथे सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. सहा महिन्यांनी जमलं तर कायम, नाही तर घरी. घरी बसायचं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, बाबांनी तर त्या दोन वर्षांत “काय झालं?” विचारणंही सोडून दिलं होतं. पाच महिने झाले होते. आणि त्या आठवड्यात कंपनीला बासष्ट चाचण्यांचा रिपोर्ट तीन दिवसांत हवा होता.

मी काय केलं असेल? कोंबड्या गाळल्या. बासष्ट वेळा लावणं, रेकॉर्ड करणं, उघडून बघणं, त्यात अर्धा दिवस जाणार. म्हटलं, मरो त्या कोंबड्या. बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट गेला, बासष्टच्या बासष्ट पास. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर “हिच्याकडून स्पीड शिका” म्हटलं. मी घरी जाताना पेढे घेऊन गेले, आता बोला!

गुरुवारी सकाळी चाचा माझ्या टेबलाशी आले. त्यांना दुसऱ्या कामासाठी माझं मशीन हवं होतं. सवयीनं त्यांनी कोंबड्या लावल्या, रेकॉर्ड केल्या, रेकॉर्डिंग उघडलं. काळं. पुन्हा लावल्या. पुन्हा काळं.

“कोंबड्या कुठे गेल्या गं?”

त्यांनी खाली वाकून बघितलं. सोमवारी टेबल सरकवताना मीच रेकॉर्डरची वायर काढून परत लावली होती, ती भलत्याच खोबणीत. तीन दिवस माझा रेकॉर्डर काहीच बघत नव्हता. सिनेमा लावला असता काय आणि लग्नाची कॅसेट लावली असती काय, सगळं काळंच येणार होतं. बासष्ट पास म्हणजे बासष्ट वेळा काहीच तपासलं नव्हतं.

“चाचा, कुणाला सांगू नका,” मी म्हटलं. लाज वाटते, पण हेच म्हटलं. “मी आज गुपचूप सगळं परत करते. पासच येईल, आणि नाही आलं तर पुढच्या रिपोर्टात घालू. तोवर माझं कायमचं पत्र तरी येईल.”

चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वायर नीट बसवली, उठले, हात झटकले. “मी नाही सांगणार. रिपोर्ट तुझा आहे, सांगायचं तर तू सांग. पण तिकडे ते लोक तुझ्या नावावर विश्वास ठेवून माल बाहेर काढतील. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ.” आणि खरंच निघून गेले.

तीन तास मी साहेबांच्या केबिनपर्यंत जात होते आणि पाणी पिऊन परत येत होते. चौथ्या वेळी चाचा दाराशी उभे होते. त्यांनी दार उघडून धरलं आणि माझ्या मागून आत आले.

मी सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. क्लायंटला आता काय तोंड दाखवू, म्हणाले. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणाले.

चाचा शांतपणे म्हणाले, “साहेब, ही सांगायला आली म्हणून तुम्हाला कळलं. हिला आज काढलंत तर उद्यापासून ह्या ऑफिसात कुणाची चूक होणार नाही. म्हणजे होईल, पण तुमच्यापर्यंत येणार नाही.”

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. मग म्हणाले, “सोमवारी सकाळी नवा रिपोर्ट पाहिजे. रिपोर्ट मागे घेतल्याचा मेल आत्ता पाठवा, तुमच्याच नावानं.”

शुक्रवार, शनिवार मी एकटीच खपले. रविवारी सकाळी चाचा आले, न सांगता, डबा घेऊन. दुपारपर्यंत एकावन्न चाचण्या झाल्या. बावन्नाव्या वेळी माझं लक्ष उडालं आणि सिनेमा चालू असताना मी भलत्याच टीव्हीची वायर उपटली. जीभ चावून परत लावायला गेले तर चाचांनी माझा हात धरला. “थांब. रेकॉर्डिंग उघड.”

उघडलं. काळं, काळं, आणि मध्येच डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ तीच बाई, जिन्यावर. हुबेहूब, रंगीत. वायर निघता निघता कुलूप उघडं पडत होतं. परदेशातल्या त्या हुशार लोकांना हे सापडलं नव्हतं.

“लिही,” चाचा म्हणाले. “शोधणाऱ्याचं नाव, तुझं.”

“चाचा, बघितलं तुम्ही.”

“वायर कुणी उपटली?”

माझंच नाव गेलं. पुढे महिन्याभरात कायमचं पत्रही आलं. बाबांनी ते देवापुढे ठेवलं.

काही वर्षांनी ते ऑफिस बंद पडलं, मी पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेले. पुढे माझ्या हाताखाली माणसं आली. चुकून, मान खाली घालून कुणी समोर उभं राहिलं की पहिला राग मलाही येतोच. मग त्यांना बसायला सांगते. हे मला आपोआप येत नव्हतं, चाचांनी शिकवलं. त्यांचे उपकार मानते, हे मी त्यांना कधी तोंडानं बोलले नाही. बोलू, बोलू म्हणता राहून गेलं. ते गेल्याचंही मला आठ दिवसांनी कळलं.

त्या रविवारी पनवेलला त्यांच्या घरी गेले. चाचींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी नाव सांगितलं, तशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“तूच ती? सिनेमाचं कुलूप उघडं पकडलं ती? अगं, ह्यांनी आख्ख्या मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. माझ्या हाताखालच्या पोरीनं पकडलं, विलायतवाल्यांना नाही सापडलं, म्हणत फिरत होते. ईदला पाहुणे आले की परत तेच. आमची पोरं वैतागली होती.”

मी म्हटलं, “चाची, पण त्याच्या आधी मी केवढी मोठी चूक केली होती, ते नाही सांगितलं त्यांनी?”

“चूक?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “नाही गं बेटा. चुकीबद्दल तर कधी काही बोलले नाहीत.”

चहा समोर आला होता. चाची “घे, निवतोय” म्हणत होत्या आणि मला कप उचलता येत नव्हता.