विलासच्या ड्रममधला खंड

विलास पुन्हा त्याच जागी थांबला. दुसरं कडवं संपलं, गिटार पुढे गेली, आणि ड्रम क्षणभर गप्प. मग धाडकन सुरू.

"काऊन थांबला बे?" प्रणालीने माईकवरून विचारलं.

"मी कुठी थांबलो? मी तं वाजवूनच राह्यलो."

मी चंद्रपुरात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. भजनं, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीचा प्रचार, जे येईल ते करतो. प्रणालीचा बँड आला तेव्हा मला त्यांच्यातलं निम्मं कळत नव्हतं. अल्टरनेटिव्ह रॉक, असं तिने सांगितलं. म्हणजे गिटार फाटल्यासारखी वाजणार आणि गाणं आमच्याकडच्या झाडीबोलीत. गाण्याचं नाव 'पूल बुडाला'. पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडला नोकरी करणारी पोरगी तिकडेच अडकते, एवढीच गोष्ट. पण प्रणाली गायला लागली की मी चहा विसरायचो.

अडचण फक्त विलासची होती. रेकॉर्डिंगमध्ये वादकाच्या हेडफोनमध्ये क्लिक ट्रॅक लावतात. म्हणजे घड्याळासारखी टिकटिक. तिच्या मापात वाजवलं की सगळ्यांचं एकत्र बसतं. विलास अख्खं गाणं टिकटिकीला धरून वाजवायचा आणि नेमका तिथे सुटायचा. मी त्याला त्याचाच टेक, म्हणजे नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग, ऐकवला. तो ऐकून म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन बिघडलं."

मशीन ठणठणीत होतं.

प्रणालीचाही धीर सुटत चालला होता. गाणं त्याच दिवशी पूर्ण करायचं होतं. नागपूरचा एक ड्रमर तयारच आहे, तो क्लिकवर झोपेतही वाजवतो, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. एकदा तो आला की विलास बँडमधूनही गेला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि विलासने या बँडसाठी झाडीपट्टीचा सीझन सोडला होता. दिवाळी ते होळी आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, त्यात तो वर्षानुवर्षं ड्रम वाजवायचा. नाटक कंपनीने त्याच्या जागी दुसरा घेतला होता. त्याला परत जायला दार नव्हतं.

मी खंड कापून पाहिला. एडिटिंगमध्ये ते सोपं असतं, मधला तुकडा काढायचा आणि दोन टोकं जोडायची. गाणं सरळ झालं, आणि मेलं. का ते मला सांगता येईना. प्रणालीलाही ते आवडलं नाही, पण ती म्हणाली, "चालते. लोकायले काय समजते."

तिची आई वच्छलाबाई तिच्यासोबत मूल गावाहून आल्या होत्या आणि सकाळपासून माझ्या सोफ्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मी हेडफोनवरच काम करत होतो, त्यामुळे त्यांनी गाणं अजून नीट ऐकलंच नव्हतं. मी आधीचा, न कापलेला टेक स्पीकरवर लावला. दुसरं कडवं संपलं. ड्रम थांबले. बाईंनी अडकित्ता खाली ठेवला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की माझा चहा सांडला.

"आई!" प्रणाली ओरडली.

"काय आई? तो थांबला म्हून तं मारली. नाई तं कधी मारू?"

काचेपलीकडे विलास खो-खो हसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाटकात गाणं रंगलं की पब्लिक शिट्ट्या मारतं, नाचतं. ड्रमवाला त्यांच्यासाठी दम धरतो आणि मग त्यांच्यावरच तुटून पडतो. वर्षानुवर्षं हे केलेल्या हातांना स्टुडिओत पब्लिक नाही हे कळतच नव्हतं.

मी क्लिक बंद केला. प्रणालीला विलासच्या समोर उभं केलं आणि वच्छलाबाईंना आत बसवलं, फक्त शिट्टी मारू नका अशी हात जोडून विनंती केली. विलासने मग जो टेक दिला, त्याला मी कात्री लावली नाही. प्रणालीने तो डोळे मिटून ऐकला आणि फोन काढून नागपूरच्या ड्रमरला येऊ नको म्हणून कळवलं. मला इतका आनंद झाला की मीच सगळ्यांना सावजी जेवण घातलं.

गाणं हिट झालं. अहेरीच्या बाजारात मोबाईलच्या दुकानावर ते वाजत होतं, तर भाजी घेणारा एक गृहस्थ त्या जागेवर शिट्टी मारून पुन्हा वांगी निवडायला लागला. मूलच्या कार्यक्रमात तर अख्ख्या मैदानाने शिट्टी मारली. विलासने तिथे मुद्दाम जास्त दम धरला, आणि प्रणाली हसत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

आता बाहेरचे बँड माझ्याकडे येऊन तसाच खंड मागतात. मी टाकून देतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्यांच्या कार्यक्रमात तिथे नुसती शांतता पसरते, असं कानावर येतं. तक्रार घेऊन आले की मी त्यांना सांगतो, खंड माझ्याकडे मिळतो, शिट्टी मारणारी माणसं आपली आपण जमवायची असतात.