वरवंट्याची अग्निपरीक्षा

दगड पाण्यातून जन्मला की आगीतून, हा वाद युरोपातल्या विद्वानांनी दोनेकशे वर्षांपूर्वी मिटवला. बेलापूरला माझ्या सासुरवाडीत तो अजून चालू आहे.

भूगर्भशास्त्राचा इतिहास हा माझा आणि सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, एकमेव सामाईक छंद. (बाकीचे जावई-सासरे जमिनीवरून भांडतात; आम्ही जमिनीखालच्यावरून!) मोबाईलवर व्हिडिओ बघून आम्ही जुन्या विद्वानांचे पक्ष वाटून घेतले होते. मामांचा ऊस कालव्यावर, म्हणून ते पाणीवाले. मी नागापूरला कारखान्यात भट्टीवर, म्हणून आगवाला.

माझ्या मुलीच्या बारशाच्या सकाळी सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, वरवंटा धुऊन पाटावर ठेवला. बाळाआधी त्यालाच कुंची घालून पाळण्याखालून फिरवायचं असतं ना!

"माझ्या आईनं दिलाय. माझी समदी पोरं ह्याच्याच मागनं पाळन्यात गेली. कुनी हात लावायचा न्हाई!" असं बजावून त्या आत गेल्या.

आम्ही लगेच हात लावला.

"जावईबापू, बघा की! नदीतल्या गोट्यावानी गुळगुळीत. पान्यातलाच हाय."

"मामा, तो मिरच्या वाटून गुळगुळीत झालाय! हा लाव्हा आहे, लाव्हा!"

"व्हय? आगीचा ल्योक आसंल तर आगीत त्याला काय हुनार न्हाई. घाला चुलवानात!"

प्रयोगाला नाही कसं म्हणायचं? मागच्या अंगणात आचाऱ्याच्या चुलवाणावर मसालेभात शिजत होता. आम्ही वरवंटा हळूच निखाऱ्यांत सरकवला. थोड्या वेळाने असा धडाका झाला, की आचारी "सिलिंडर फुटला!" म्हणत उसात पळाला. वरवंट्याचे दोन तुकडे!

"बगा! आतल्या पान्यानंच फोडला!" मामा नाचले.

"आगीने फोडला, मामा!"

"आवो, वरवंटा आना!" आतून मामींची हाक आली.

आमचे दोन्ही पक्ष तिथल्या तिथे बरखास्त झाले. तुकडे सांडशीने उचलले, जोडून सुतळीने बांधले, कुंचीत गुंडाळले. (पाण्यात बुडवून गार करायची मामांचीसुद्धा हिंमत झाली नाही!)

पाळण्याभोवती बायकांनी सुरू केलं, "कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या..."

पहिल्याच मावशी किंचाळल्या, "आगं बया, गोपाळाला ताप हाय!" त्यांनी तो दुसरीकडे ढकलला, दुसरीने तिसरीकडे. एवढ्या वेगाने वरवंटा आजवर कुठल्याच बारशात फिरला नसेल! शेवटी कुंचीतून धूर निघाला, सुतळी जळून तुटली आणि सतरंजीवर दोन गोपाळ पडले.

"वैनी, जुळं झालं!" बायकांतून कुणीतरी मामींना म्हणालं.

मामींनी तुकडे बघितले, मग आम्हाला बघितलं. मामा हळूच माझ्या मागे सरकले.

नाव ठेवल्यावर बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे. माझी बहीण पाठ वाकवून तयारच होती. मामींनी तिला बाजूला सारलं, आम्हा दोघांना पुढे ओढलं आणि पदर खोचला. मागे बायकांची रांग लागली.

त्या बारशाच्या व्हिडिओत माझी मुलगी गाढ झोपलेली दिसते. रडण्याचा आवाज येतो, तो माझा.