आधी नजर, मग हात

लेकीचा पिस्तुलाचा सराव बघायला मी पहिल्यांदाच गेले. समोर ओळीने पुठ्ठ्याची माणसं उभी होती. एकावर गोळी सुटते न सुटते तोच तिची नजर पुढच्यावर जायची आणि मागोमाग हात अलगद तिथं जाऊन थांबायचा.

"हे कुठं गं शिकलीस?"

"तुझ्याकडून! पंगतीत एका पानावर वरण पडत असतं, तेव्हा तुझी नजर पुढच्या पानावर असते. म्हणून तर थेंब सांडत नाही."

मी चरकलेच. हाताला कुठं कळतं, आपल्यात पळी आहे की पिस्तूल! पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. प्रत्येकाच्या छातीला भोक होतं. मी पंगतीत कुणाला उपाशी ठेवत नाही. तिनंही कुणाला सोडलं नव्हतं.