चेरी वाळवणारा कॅप्टन

लेस्टर ड्यूहर्स्टबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. तीन उन्हाळे तो आमच्याकडे होता, आणि त्यातला बराचसा वेळ शेडबाहेरच्या बाकावर पावसाची वाट बघत बसलेला असायचा. त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहायला हवं होतं. पण थेल्मा, म्हणजे माझी धाकटी बहीण, बागेची मालकीण, म्हणाली, "तूच लिही. तू बोलतोस कमी, म्हणजे थोडक्यात आटपेल."

लेस्टरने तीस वर्षं मोठी प्रवासी विमानं चालवली. सिडनीहून सिंगापूर, सिंगापूरहून सिडनी. पंचावन्नाव्या वर्षी ते सोडून हेलिकॉप्टर शिकला आणि टास्मानियात, आमच्या ह्यूऑन खोऱ्यात, चेरी वाळवायला आला. ऐन पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की देठापाशी पाणी साचतं, वरून ऊन आलं की फळ फुटतं. म्हणून ऊन यायच्या आत झाडांवरून हेलिकॉप्टर सावकाश न्यायचं. त्याच्या वाऱ्याने पाणी झडतं. एवढी मोठी नोकरी का सोडली, असं विचारलं तर लेस्टर म्हणायचा, "वरून कुणी दिसत नव्हतं." पुढे काही नाही.

त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात, तोडणी तीन दिवसांवर असताना, पहाटे पाऊस झाला. आदल्या वर्षी अर्धी बाग फुटली होती. यंदाही तसंच झालं तर झाडं उपटून मेंढ्या पाळीन, असं थेल्मा सगळ्यांना सांगत सुटली होती. झाडं तिच्या गेलेल्या नवऱ्याने लावलेली. त्यामुळे ती हे जितक्या मोठ्याने सांगायची, तितकं आम्हाला तिच्याकडे बघवत नसे.

लेस्टर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. हेलिकॉप्टरात बसून त्याने वही काढली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून स्वतःच उत्तर द्यायला लागला.

"इंधन?"

"भरलं."

"बघितलं?"

"बघितलं."

"अरे बाबा," थेल्मा ओरडली, "माझी चेरी सिंगापूरला नाही, शेजारच्या ओळीत न्यायचीय!"

शेवटी तो उडाला, आणि असा सुसाट गेला की शेंड्यांची चार पानं तेवढी हलली. थेल्माच्या हातातल्या वायरलेसवर त्याचा गोड आवाज आला, "सगळं ठीक आहे. आपण ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटं पुढे आहोत."

"तू पुढे आहेस रे, पाणी मागेच राहिलंय! घाई कसली एवढी?"

"हळू केलं की पडतं, थेल्मा."

"काय पडतं?"

"विमान."

"तू विमानात नाहीयेस!"

"ते मला माहीत आहे. माझ्या हातांना माहीत नाही."

डोंगरामागे ढग पातळ व्हायला लागले होते. थेल्माने एकदा तिकडे बघितलं. मग तिने विचारलं, "विमान उतरल्यावर तुला जागेवर कोण न्यायचं?"

"खाली एक माणूस असतो. हातात दोन काठ्या घेऊन."

"त्याचं ऐकायचास?"

"त्याचं न ऐकून कसं चालेल?"

ती तडक शेडमध्ये आली, वायरलेस गळ्यात अडकवला, बादल्यांची दोन नारिंगी झाकणं उचलली आणि गमबूट फटफटवत बागेत गेली. लेस्टरकडे तोंड करून, हात वर धरून, झाडांच्या दोन ओळींमधून ती पावलापावलाने उलटी चालायला लागली. आणि तो कॅप्टन, जो मागच्या तासाभरात कुणाचंच ऐकत नव्हता, शाळेतल्या मुलासारखा तिच्यामागे आला. चालीच्या वेगाने. पाणी धो धो झडलं, त्यातलं बरंचसं थेल्मावरच. तिची टोपी उडाली ती थेट शेजाऱ्याच्या गाईंत.

ओळ संपली तशी तिने झाकणं डोक्यावर फुलीसारखी धरली. थांब. आणि लेस्टर थांबला. हवेत, जागच्या जागी. पडला नाही.

शेडमधला माझा वायरलेस खरखरला. मग आवाज आला, "प्रवाशांनी पट्टे सोडायला हरकत नाही."

"पट्टे राहू देत, अजून एकोणचाळीस ओळी आहेत!" थेल्मा म्हणाली. ती हसत होती की थंडीने कुडकुडत होती, ते मला शेडमधून कळलं नाही.

साडेनवाला ऊन आलं तोवर दोनच ओळी राहिल्या होत्या. त्या फुटल्या, त्यांचा जॅम झाला, आणि तो मार्चपर्यंत आम्ही खात होतो. मेंढ्यांचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे लेस्टरचे हात शहाणे झाले. तरी उडण्याआधी ती झाकणं शेडच्या खुंटीवर आहेत ना, हे तो बघून घ्यायचा. वहीत तशी ओळच लिहिली होती त्याने. तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात होबार्टला, आपल्या घरी, तो झोपेतच गेला. त्याला भाऊ होता हे आम्हाला त्या भावाच्या पत्रावरून कळलं.

त्याआधी, तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी तो आमच्याकडून निघाला, तेव्हा इंधनाची नळी माझ्या हातात होती.

"भरलं?" त्याने विचारलं.

"भरलं."

"बघितलंस?"

"दोनदा."

"बरं. झाकणं कुठे ठेवलीस?"

"खुंटीवर."